चारशे सतराचे रविवार

"हात गार आहेत तुमचे," बायको म्हणाली. "तिकडे प्रयोगशाळेत आधी कोणाला भरवून आलात?"

आचाऱ्याने सूपचा चमचा तिच्या ओठांशी धरला. "तुलाच."

"मग इथे परत कशाला? दोन-दोनदा जेवले तर अंगाला लागेल माझ्या."

सूपचा ओघळ हनुवटीवर आला, तो त्याने टिपला. तिचा चेहरा हलला नाही. आजाराने चेहऱ्यावरचं हसू कधीच काढून नेलं होतं. आता ती हसायची ते फक्त आवाजात, आणि तो आवाजही दिवसेंदिवस बारीक होत चालला होता.

आचारी हा काही खरा आचारी नव्हे. घरी त्याला अंडं धड उकडता येत नसे. एकतीस वर्षं तो प्रयोगशाळेत पेशींचं खाद्य बनवत आला होता. क्षार, साखर, प्रथिनं, सगळं थेंबाथेंबाने मोजून घातलेलं गुलाबी पाणी. ते अंगाइतकं कोमट करायचं आणि काचेच्या ताटल्यांतल्या पेशींना घालायचं. "आचारी, आज काय बेत?" असं कोणीतरी कधीतरी विचारलं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

नोंदवही त्याच्याच अक्षरात:

*सोमवार. सगळ्या ताटल्या. अर्धं जुनं काढलं, अर्धं नवं घातलं. पेशी ठीक.*
*बुधवार. तेच.*
*शुक्रवार. तेच.*
*रविवार.*

रविवारपुढे काही लिहिलेलं नाही. जे काही घडलं ते त्या कोऱ्या जागेत.

दोन वर्षांपूर्वी बायकोच्या दंडावरून मसुराएवढी कातडी काढून घेतली होती. अशाच बऱ्याच रुग्णांची घेतली. प्रयोगशाळेत त्या कातडीच्या पेशींना पुन्हा लहान करतात, इतक्या लहान की पुढे आपण कोण व्हायचं ते त्यांचं ठरलेलं नसतं. मग त्यांना वळण लावत लावत मेंदूच्या पेशी करतात. जिवंत माणसाचा मेंदू उघडून बघता येत नाही. ताटलीतला मात्र रोज बघता येतो. तो कसा थकतो, कधी विझतो, कुठल्या औषधाने तग धरतो. कातडी देणाऱ्याला ह्यातून काही मिळणार नाही, असं कागदावर स्पष्ट लिहिलं होतं. तिने थरथरत सही केली. "मला नाही तर नाही. पुढच्या कोणाला तरी."

ताटली कोणाची हे कोणालाच कळू नये, म्हणून नावाऐवजी नंबर. नर्सने कातडी ठेवलेल्या नळीवर चिठ्ठी चिकटवली आणि नळी लगेच पालथी घातली. पण बायको अठ्ठावीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. पालथा काय, उलटा काय, नंबर दिसला की तिच्या डोक्यात बसला.

बसमध्ये बसल्या बसल्या ती म्हणाली, "चारशे सतरा."

"काय?"

"माझा नंबर. ध्यानात ठेवा, मी विसरले तर."

"अगं, मला हे कळायला नको असतं!"

"आता कळलं ना? मग काय, कान कापून ठेवता का इथेच?"

ताटल्या तयार झाल्यावर पहिल्या रविवारी तो नुसता बघायला गेला. ताटल्या ठेवायच्या पेटीचं तापमान तपासतो, असं पहारेकऱ्याला सांगितलं. सूक्ष्मदर्शकाखाली चारशे सतरा ठेवली. बारीक पेशी, त्यांना फुटलेले धागे, एकमेकींकडे हात लांबवून बसलेले. शुक्रवारचं खाद्य उतरून पिवळट झालं होतं. सोमवारपर्यंत ह्यांनी तसंच राहायचं? त्याने अर्धं काढलं, अर्धं ताजं घातलं. शेजारच्या ताटल्यांकडे त्याने पाहिलं नाही.

मग रविवार मागून रविवार गेले. घरी बायकोची बटणं लागेनाशी झाली. गिळताना ठसका लागू लागला. एकदा भर दुपारी तिने त्याच्याकडे बघत अगदी नम्रपणे विचारलं, "आपण कोणत्या गावाहून बोलताय?" त्या रविवारी तो नेहमीपेक्षा तासभर आधीच प्रयोगशाळेत पोचला.

अकराव्या आठवड्यानंतर मॅडमनी हाक मारली. मॅडम म्हणजे प्रयोगाच्या प्रमुख. वयाने त्याच्या मुलीएवढ्या, तरी रागावल्या की तो दचकत असे. आज त्या रागावल्या नव्हत्या.

"आचारी, इकडे या. बघा, बघा ना!"

त्याने बघितलं. औषध न घातलेल्या बाकी ताटल्या विरळ झाल्या होत्या, धागे तुटून तुकडे झाले होते. चारशे सतरा मात्र घनदाट.

"हिला औषध नाही, काही नाही. आणि तरी! ह्या माणसाच्या अंगात काहीतरी आहे हो, जे मेंदू राखतंय. उद्या दवाखान्याला कळवते, चारशे सतराला बोलावून घ्या म्हणून. पाठीच्या कण्यातून पाणी काढावं लागेल. दोन-तीनदा."

आचारी सूक्ष्मदर्शकावरून उठला नाही. क्षणभर त्यालाही ते खरं वाटलं. वाटू दिलं त्याने. तिच्या अंगात काहीतरी आहे. मग तिची कुशीवर वळवलेली पाठ त्याच्या डोळ्यांसमोर आली, आणि तिथे टोचली जाणारी सुई.

"मॅडम, तिच्यात काही नाही."

"म्हणजे?"

"मी रविवारी येऊन भरवत होतो. फक्त हिलाच. माझी बायको आहे ती."

मॅडमनी चष्मा काढला. "किती रविवार?"

"अकरा."

"नंबर कोणी सांगितला तुम्हाला?"

"तिनेच. ऑपरेटर होती."

मॅडमना हसू आलं की काय, त्याला कळलं नाही. त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. "काल मी आईला फोन करून सांगितलं, काहीतरी सापडलंय म्हणून." वळून न बघता त्या म्हणाल्या, "तुम्हाला काढायला हवं मी."

"हो."

"हो काय, हो! असा हात मी आणू कुठून?" त्या वळल्या. "सगळ्या ताटल्या टाका. आता मी कशावर विश्वास ठेवू? गोठवलेल्या पेशी आहेत, पुन्हा पहिल्यापासून. नंबर सगळे बदलतील. यादी दवाखान्यात राहील, माझ्याकडेसुद्धा नको. आणि ते रविवार लिहून काढा. वही खोटी राहायला नको."

*रविवार. फक्त ४१७. अर्धं काढलं, अर्धं घातलं. मी.*
*रविवार. फक्त ४१७. मी.*
*रविवार. फक्त ४१७. मी.*

अशा अकरा ओळी. मॅडम शेजारी उभ्या होत्या. आठव्या ओळीला त्या म्हणाल्या, "पुरे." त्याने अकराही लिहिल्या.

मग ताटल्या. ब्लीच घातलं की गुलाबी पाणी पांढरं पडतं, एवढंच दिसतं. चारशे सतराची पाळी आली तेव्हा तो थांबला नाही. थांबला असता तर पुन्हा तेच झालं असतं.

घरी बायको उशीला टेकून बसली होती. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली जात होती, थांबत नव्हती; एक्सचेंजच्या बोर्डावरची दोरी चिमटीत धरून कुठे खोचायची ते शोधल्यासारखी.

"चारशे सतरा कसंय?"

मुलीचं नाव तिला त्या आठवड्यात दोनदा आठवलं नव्हतं. नंबर पक्का होता.

"बंद झालं," तो म्हणाला. "माझ्यामुळे. एकटीलाच भरवत होतो रविवारी." मग त्याने सगळं सांगितलं, मॅडमनी आईला केलेल्या फोनसकट.

तिची बोटं घासतच राहिली. त्याला वाटलं, समजलं नसावं.

"एकालाच लाइन दिलीत," ती म्हणाली, "आणि बाकीचे ताटकळले. आमच्याकडे खुर्चीवरून उठवलं असतं तुम्हाला."

"तुला नवा नंबर मिळेल. मला कळणार नाही."

"बरं झालं. सगळ्यांना नीट जोडून द्या."

सोमवारपासून आचारी पुन्हा खाद्य बनवू लागला. नव्या ताटल्या तयार झाल्या तशा त्याने त्या एकेक करून घेतल्या. प्रत्येकीला सारखंच, थेंब कमी नाही, थेंब जास्त नाही. शेवटच्या ताटलीलाही पहिलीइतकाच वेळ. कुठली तिची, कोण जाणे.

नव्या ताटल्यांच्या पहिल्या रविवारी तो सवयीने सकाळी उठला, बूट घातले, दारापर्यंत गेला. मग बूट काढून स्वयंपाकघरात आला. सूप गरम केलं, मनगटावर थेंब टाकून बघितला.

ती त्याच्याकडे बघत होती. "आपण कोणत्या गावाहून बोलताय?"

तो खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला. "घरूनच."

"बोला," ती म्हणाली.

त्याने चमचा भरला, फुंकर घातली, आणि ती तोंड उघडेपर्यंत तसाच धरून ठेवला.