आधी तीन नंबर

माणिकपूरच्या हाउसिंग बोर्ड कॉलनीत तीन लांबलचक इमारती. एक नंबर रस्त्याला लागून, दोन नंबर मध्ये आणि तीन नंबर पार मागे, नाल्याच्या काठाला. पिण्याचं पाणी येतं सकाळी तासभर, तेही रस्त्याच्या बाजूने. बोअरचं पाणी खारट, त्यात डाळसुद्धा शिजत नाही. मग पहिल्याच वर्षी जे व्हायचं तेच झालं. एक नंबरवाल्यांनी हंडे भरले, बादल्या भरल्या, पोरांचे टबसुद्धा भरले आणि तीन नंबरच्या नळातून नुसती हवा फुसफुसली. दोन नंबरला मधल्यामध्ये थोडंफार मिळायचं, म्हणून ते गप्प. शेवटी तीन नंबरची माणसं रिकामे हंडे घेऊन पुढे आली, आणि त्या हंड्यांनी जी मारामारी झाली तिची खूण एक नंबरच्या यमुना परबच्या भुवईवर अजून आहे. हंडा मारणारी होती तीन नंबरची मार्था, पाचूबंदरच्या कोळ्याची लेक. टाके घालायला दवाखान्यात नेणारीसुद्धा तीच.

दवाखान्यातून येताना रिक्षातच दोघींनी ठरवून टाकलं. पुरुषांना विचारलं नाही, विचारलं असतं तर अजून सभाच चालू असती. ठरलं ते असं: आधी मागचा व्हॉल्व्ह उघडायचा. तीन नंबरचं भरून झालं की मार्था गॅलरीत लाल टॉवेल टाकणार. टॉवेल दिसला की यमुना पुढचा व्हॉल्व्ह उघडणार आणि चावीने पाइपावर ठणठण करणार, मग एक नंबरने भरायचं. ती व्हॉल्व्हची कमरेएवढी लोखंडी चावी तेव्हापासून यमुनाच्या दाराआड उभी आहे. तीसेक वर्षं झाली. टॉवेल किती फाटले, किती बदलले, पण रंग तोच राहिला.

आता कॉलनी पाडून नवीन बांधायचं ठरलं. एकदम नाही, टप्प्याटप्प्याने. ज्या इमारतीचा टप्पा येईल तिने बाहेर भाड्याने जायचं, भाडं बिल्डर देणार, आणि टॉवर उभा राहिला की परत यायचं. पहिला टप्पा एक नंबर, दुसरा दोन, तिसरा तीन. का, तर एक नंबरच्या जागी रस्त्याला तोंड करून दुकानं निघणार आणि बिल्डरला दुकानांची घाई. एक नंबरमध्ये पेढे वाटले गेले. का नाही वाटणार? पहिला टप्पा होतो आणि पुढचे लटकतात, हे वसई-विरारात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

यमुनाने पेढा घेतला आणि न खाताच कागदात गुंडाळून ठेवला. आदल्याच आठवड्यात मार्थाच्या घरात छताचा पोपडा पडला होता. पोपडा कसला, चांगली परातीएवढी लादी. मार्थाचा नवरा फ्रान्सिस अर्धांगवायूने पलंगाला खिळलेला. लादी पडली ती त्याच्या उशीपासून हातभर लांब. एके काळी होडी एकट्याने वाळूवर ओढणारा माणूस, त्याला कूससुद्धा बदलता येत नाही. मार्थाने पलंग सरकवला, आणि सरकवून सरकवून सरकवणार कुठे? सगळं छतच फुगलेलं. आपला टप्पा यायच्या आत घर सोडलं तर भाडं मिळणार नाही, आणि स्वतःच्या खिशातून भाडं भरायची ऐपत असती तर मार्था इतके दिवस थांबली असती का?

यमुनाने थेट बोर्डाच्या अधिकारी बाईंना गाठलं. बाई सरळ होत्या. म्हणाल्या, "अदलाबदल होऊ शकते. पण पहिला टप्पा सोडायला एक नंबरच्या सगळ्या घरांचा होकार हवा. रविवारी दहाला सभा आहे, तिथे मी हात वर करून घेते. एक जरी नाही म्हणाला तर आहे तेच राहील."

मग यमुना दारोदार फिरली. माणसं वाईट नव्हती हो. चहा देत, मार्थासाठी हळहळत, "बिचारा फ्रान्सिस" म्हणत, आणि हाताचं विचारलं की पंख्याकडे बघत. एक नंबरचा सेक्रेटरी कृष्णा घरत तर सरळच म्हणाला, "वहिनी, दया आपल्या जागी, टप्पा आपल्या जागी. मागे गेलो आणि बिल्डर पळाला तर? माझी पोरं मला शिव्या घालतील."

आणि घरचा जितेश? पोटचा पोरगा, तो तर भडकलाच. त्याचं अश्लेषाशी लग्न ठरलेलं, आणि अश्लेषाच्या बाबांना नवीन घराचं सांगून झालेलं.

"आई, लोक पहिल्या टप्प्यासाठी देव पाण्यात ठेवतात, आणि तू आलेला टप्पा दान करायला निघालीस?"

"दान नाही. ज्याच्या डोक्यावर छत पडतंय त्याने आधी निघायचं. यात दान कसलं आलं?"

"सगळ्या कॉलनीचा मक्ता तूच घेतलायस का?"

"चावी माझ्याकडे आहे ना?" यमुना म्हणाली, आणि त्या वाक्यासरशी तिच्या डोक्यात काहीतरी आलं. राग होताच. त्या रागाला आता वाट मिळाली.

शनिवारी संध्याकाळी ती दोन हंडे पाणी घेऊन मार्थाकडे गेली. "हे तुला आणि फ्रान्सिसला. उद्या मागे पाणी येणार नाही. मी आधी पुढचा व्हॉल्व्ह उघडणार."

मार्था उठूनच बसली. "वेडी झालीस काय? लोक काय बोलतील? सगल्यांना पानी नाय मिलनार, तुला शिव्या घालतील."

"घालू देत. एक दिवस पुढच्यांना आधी मिळालं की मागे काय होतं ते त्यांना दिसू दे. ते हंडे भरतील, आणि मग मी तिथेच उभी राहून विचारणार आहे एकेकाला. लाज काढणार आहे मी त्यांची."

पलंगावरून फ्रान्सिसने वाकड्या तोंडाने काहीतरी म्हटलं. मार्थाने कान लावला आणि हसली. "बोलतो, यमुनाला सांग, डोका सांभाल. हंडे परत उडतील."

रविवारी सकाळी यमुना चावी घेऊन खाली उतरली. पुढचा व्हॉल्व्ह तिने गरागरा फिरवला. पाइपात पाणी घुसल्याचा आवाज आला. तिने चावीने पाइपावर ठणठण केलं आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. काय काय बोलायचं ते तिने रात्रभर घोकून ठेवलं होतं. कृष्णा घरतसाठी तर खास राखून ठेवलेलं होतं.

माणसं आली. हंडे आले, बादल्या आल्या, आवारातल्या नळाशी रांग लागली. आणि रांग उभीच राहिली.

नळ कुणी उघडेना. पुढची बाई हंडा नळाखाली ठेवून मान वळवून मागे बघत होती. तिच्या मागचाही तिकडेच बघत होता. तीन नंबरच्या गॅलरीत नुसता गज होता, त्यावर काही नव्हतं. नवीन भाडेकरू पोराने तोटी फिरवली, पाणी धो धो आलं, तशी दोघी-तिघी त्याच्यावर खेकसल्या.

"अरे, बंद कर! टॉवेल कुठाय?"

"पण पाणी आलंय ना काकी."

"आलंय तर येऊ दे. टॉवेल नाही दिसला अजून!"

यमुना बघतच राहिली. घोकलेलं सगळं जिभेवरच विरलं. तेवढ्यात कृष्णा घरत लुंगी सावरत धावत आला.

"अहो वहिनी, व्हॉल्व्ह चुकला तुमचा! पुढचा उघडलाय! मागे थेंब गेला नसेल. मार्थावहिनी बोंबलत असेल तिकडे!"

"चुकला नाही," यमुना म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "मुद्दाम उघडलाय. पहिला टप्पा एक नंबर, शेवटचा तीन नंबर. तुमच्या टप्प्यांप्रमाणेच केलं मी, कृष्णाभाऊ. भरा की! कुणाची वाट बघताय?"

कृष्णाने एकदा हंड्यांकडे पाहिलं, एकदा गॅलरीतल्या रिकाम्या गजाकडे. मग त्याने यमुनाच्या हातातून चावी ओढून घेतली, पुढचा व्हॉल्व्ह बंद केला, मागचा उघडला आणि चावीवर ओणवा होऊन तसाच राहिला. यमुनाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. लाज काढायला आली होती बाई, आणि लाज वाटली ती तिलाच, की तीस वर्षं शेजारी राहून आपण या माणसांना इतकं कमी ओळखलं.

त्या दिवशी लाल टॉवेल दिसला तेव्हा पाण्याची वेळ संपत आली होती. एक नंबरला घरटी एकेक कळशी मिळाली. कुणी कुरकुरलं नाही.

दहाला सभा बसली. बोर्डाच्या बाई होत्या, बिल्डरचा माणूस होता. बाईंनी विचारलं, "एक नंबर पहिला टप्पा सोडायला तयार आहे?"

कृष्णा घरतने हात वर केला. "आधी तीन नंबर," तो म्हणाला, आणि खाली मान घालून बसला. मग भराभर हात वर गेले. जितेशचा तेवढा गेला नाही. तो उठून उभा राहिला, तशी यमुनाने वर केलेला हात तसाच धरून त्याच्याकडे पाहिलं. पहिलं नाव त्या घरावर तिचं होतं, पण दुसरं त्याचं होतं, आणि त्याच्या एका नकाराने सगळंच अडलं असतं.

"आम्ही शेवटी गेलो तर आमची गॅरंटी काय?" त्याने बिल्डरच्या माणसाला विचारलं.

"वो बाद में देखेंगे ना, भाई."

"बाद में नाही. मी सांगतो तुम्हाला गॅरंटी काय ते." जितेश सगळ्यांकडे वळला. "यांची दुकानं होणार कुठे? आपल्या बुडाखाली. आपण आधी निघालो तर दुकानं विकून हे मोकळे, मग दोन आणि तीन नंबर बसले बोंबलत. आपण शेवटी निघालो तर दुकानांसाठी तरी यांना तिन्ही टप्पे पुरे करावेच लागतील. तीन नंबर आधी, दोन मग, एक शेवटी. नाहीतर इथून एक वीटसुद्धा हलणार नाही."

बिल्डरच्या माणसाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. बोर्डाच्या बाई गालात हसल्या. जितेशने हात वर केला आणि आईकडे बघून म्हणाला, "अश्लेषाच्या बाबांना मात्र तू समजवायचंस."

"समजावते की. त्यांच्याकडे पाणी कधी येतं तेवढं सांग," यमुना म्हणाली.

दिवाळी उलटली आणि तीन नंबर रिकामी व्हायला लागली. मार्थाचं घर शेवटी निघालं. फ्रान्सिसला खुर्चीसकट उचलून खाली आणलं ते एक नंबरच्या पोरांनी, पुढे जितेश, मागे कृष्णा घरत. टेम्पो पापडीच्या भाड्याच्या घराकडे निघायचा होता आणि मार्था काही खाली येईना. काहीतरी राहिलं म्हणून ती परत वर गेली होती.

भर दुपार होती. नळाला थेंब नव्हता. एक नंबरच्या आवारात माणसं निरोपाला उभी होती, आणि मार्थाने वर रिकाम्या घराच्या गॅलरीत लाल टॉवेल टाकला.

"टॉवेल आला!" कुणीतरी सवयीने ओरडलं, आणि दोघी बायका खरोखरच हंडे आणायला आत पळाल्या.