मोतीताईंचा राजीनामा

सोमवारी सकाळी मोतीताईंनी मॅडमच्या टेबलावर एक घडी घातलेला कागद ठेवला आणि "सवडीनं बघा" म्हणून त्या लगबगीनं निघून गेल्या. मॅडमनं लगेच उघडला. तीनच ओळी होत्या. घरगुती अडचणीमुळे काम सोडत आहे, महिन्याभरात मोकळं करावं, आजवर सांभाळून घेतलंत त्याबद्दल आभारी आहे.

मॅडमनं त्या तीन ओळी दोनदा वाचल्या.

ती लॅब होती दातांची. गावभरच्या दातांच्या डॉक्टरांकडून जबड्यांचे साचे यायचे आणि त्यावरून इथे दातांवर बसवायच्या कॅपा आणि खोटे दात तयार व्हायचे. अठरा माणसं कामाला. सासऱ्यांनी उभी केलेली, आणि त्यांचे गुडघे थकले तेव्हा दोन वर्षांपूर्वी सुनेच्या हाती आलेली. दाढा कोणीही बऱ्यापैकी करू शकतो, पण समोरचा एकच दात करायचा तर भल्याभल्यांना घाम फुटतो. तो शेजारच्या खऱ्या दाताशी बेमालूम जुळावा लागतो. नुसता पांढरा असून भागत नाही, कडेला किंचित निळसर, मुळाशी जरा पिवळट, मध्ये एखादी पुसट रेघ. हे काम वीस वर्षं एकाच बाईच्या हातात होतं. सासऱ्यांनीच कधीतरी तिला मोती म्हणायला सुरुवात केली, आणि वयानं लहान असलेल्यांनी त्याला ताई जोडलं.

'पलीकडच्या मोठ्या लॅबनं गळाला लावलं,' मॅडमच्या मनात पहिलं हेच आलं. वर्षभरात दोघं तिकडे गेलेच होते. तिनं मोतीताईंना बोलावलं आणि त्या बसायच्या आतच सांगून टाकलं, पगार वाढवते, विभागप्रमुख करते, स्वतंत्र टेबल देते.

"पगाराचं काही नाही हो मॅडम," मोतीताई फरशीकडे बघत म्हणाल्या.

"मग कुठे चाललात?"

"कुठेच नाही. घरी."

मॅडमला वाटलं, बाई लपवतायत. लपवत तर होत्याच.

संध्याकाळी घरी तिनं सासऱ्यांपुढे सगळं मांडलं. ते गुडघ्यावर शेकायची पिशवी धरून बसले होते.

"सूनबाई, तू तिला काय काय देऊ केलंस ते कळलं. तिला विचारलंस काय?"

"विचारलं ना, कुठे चाललात म्हणून."

"ते विचारणं नव्हे, ती उलटतपासणी झाली." त्यांनी पिशवी दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली. "तिच्या शेजारी शेवटचं कधी बसली होतीस?"

तिला आठवेना. कारण ती कधी बसलीच नव्हती. हाती आलेल्या दोन वर्षांत तिनं लॅबचं रूप पालटलं होतं. नवी भट्टी, नवं छत, छतात चकचकीत दिवे, सामानाला भिंतभर कपाटं. पण माणसं तिनं आपल्या केबिनच्या काचेतूनच पाहिली होती.

मंगळवारी तिनं एक स्टूल उचललं आणि मोतीताईंच्या टेबलाशी जाऊन बसली. तपासणीच आली असं सगळ्यांनी धरलं. मोतीताईंचा हात मात्र थांबला नाही. ओल्या पोर्सेलीनचा कणभर गोळा कुंचल्याच्या टोकावर, तो दाताच्या कडेला लावायचा, झटकायचा, पुन्हा लावायचा. तासाभरात मॅडमला एवढं कळलं की, आपण ज्याला 'शेवटचा हात' म्हणतो तो शंभर हातांचा मिळून असतो.

मग मोतीताई उठल्या, भट्टीतून निघालेला दात तळहातावर घेतला आणि बाहेर गेल्या. दाराशी एक वही टांगली होती. जागा सोडताना कारण लिहायचं, हा नियम मॅडमचाच. मोतीताईंनी लिहिलं, 'पाणी'. पंधरा मिनिटांनी पुन्हा दात घेऊन बाहेर. पुन्हा 'पाणी'. मॅडमनं वहीची मागची पानं चाळली. रोज दहा-बारा वेळा पाणी. एवढं पाणी तर उंटही पीत नाही.

तिसऱ्या वेळी ती मागोमाग गेली.

जिन्याच्या वळणावर एक लांबट खिडकी होती. मोतीताई तिथे दात बोटांत धरून उजेडात फिरवत होत्या. मॅडमला बघून त्यांनी मूठ मिटली, जणू चोरीच पकडली गेली.

मॅडम पायरीवर बसली. "मोतीताई, काल मी नुसती बोलत सुटले. आज ऐकायला आलेय. काय झालंय?"

मोतीताईंनी मूठ उघडून दाताकडे एकदा पाहिलं. मग दोन पायऱ्या वर त्याही टेकल्या.

"माझे डोळे गेले, मॅडम."

"म्हणजे?"

"जाताहेत. आईचे असेच गेले. काचबिंदू होता. पंचेचाळिशीत तिला ताटातलं दिसेना. आता माझी तीच वेळ. टेबलावर रंग बरोबर वाटतो, आणि डॉक्टरांकडे गेला की चुकतो. सहा महिन्यांत पाच कॅपा परत आल्या. वीस वर्षांत पाच आल्या नव्हत्या हो! परत आली की टेबलावर लाल चिठ्ठी लावून ठेवलेली असते. कोणी बोलत नाही, मीही बोलत नाही. म्हणून प्रत्येक दात इथे आणून बघते. पण असं किती दिवस लपवणार? म्हटलं, नाव शाबूत आहे तोवर निघावं. उगाच शोभा कशाला करून घ्या."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"नाही." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "दाखवलं आणि खरं निघालं तर?"

मॅडमच्या डोक्यात मात्र एकच शब्द फिरत होता. सहा महिने. सहा महिन्यांपूर्वीच तिनं छत बदललं होतं. मोतीताईंच्या टेबलाला लागून मोठी खिडकी होती. तिच्यावर तेव्हाच कपाट ठोकलं होतं, कारण साचे ठेवायला जागा कमी पडत होती. तिला जे वाटलं ते तिनं बोलून दाखवलं नाही. उगाच आशा लावावी आणि आईसारखंच निघावं, हे तिला नको होतं.

"उद्या अकरा वाजता जाऊ," ती म्हणाली. "मी येते बरोबर. आत यायचं नसेल तर बाहेर बसेन. पण येणार."

"तुम्ही कशाला, कामं सोडून…"

"हेही कामच आहे."

बुधवारी डोळ्यांच्या दवाखान्यात मोतीताईंच्या डोळ्यांत थेंब घातले आणि दोघी बाकावर बसून राहिल्या. मोतीताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. मॅडमचा फोन तीनदा वाजला, मग तिनं तो बंदच केला. आत बोलावलं तेव्हा मोतीताईंनी मागे वळून पाहिलं, म्हणून मॅडमही आत गेली.

डॉक्टरीणबाईंनी दाब मोजला, आत डोकावून पाहिलं, रंगीत ठिपक्यांची पुस्तकं दाखवली. मोतीताई धडाधड उत्तरं देत गेल्या. शेवटी डॉक्टरीणबाई खुर्चीत मागे टेकल्या.

"वय किती?"

"त्रेचाळीस."

"मग थोडं उशिराच आलात. चाळिशी लागलीय तुम्हाला. जवळचा चष्मा घ्या."

"आणि काचबिंदू?"

"मागमूस नाही. आईला होता म्हणून वर्षाकाठी एकदा दाखवून जा, एवढंच. आणि रंगांच्या बाबतीत तुमची नजर माझ्यापेक्षा पक्की आहे. पण कामाच्या जागी उजेड कसा असतो? दिव्यांच्या उजेडात छटा दगा देतात."

मोतीताईंनी तोंड उघडायच्या आत मॅडम म्हणाली, "उजेड होता. मी बंद केला."

मोतीताई आधी हसल्या. मग हसता हसता त्यांचा बांध फुटला आणि त्या ओंजळीत तोंड झाकून रडल्या. डॉक्टरीणबाईंनी कागदी रुमालांचा खोका पुढे सरकवला. थेंबांमुळे सगळं धूसर दिसत होतं, म्हणून जिना उतरताना मोतीताईंनी मॅडमचा हात घट्ट धरला. खाली आल्यावरही सोडला नाही.

"चार महिने मी रात्री डोळे मिटून घरभर फिरायची सवय करत होते," रस्त्यात त्या म्हणाल्या. "मुलीला वाटायचं, आईला वेड लागलं."

"आणि मला वाटलं, तुम्हाला पलीकडच्यांनी पळवलं."

"ते तर दर महिन्याला फोन करतात," मोतीताई म्हणाल्या. "मी उचलत नाही."

गुरुवारी सकाळी सुतारानं कपाट काढलं. खिडकीच्या काचेवर अजून रंगाऱ्यांचे डाग होते. मॅडमनं ते स्वतः खरवडून काढले, आणि मग सगळ्यांना जवळ बोलावून तिनं आडपडदा न ठेवता सांगितलं, "इथला उजेड मी अडवला आणि दोष मोतीताईंनी आपल्या डोळ्यांना लावला. चूक माझी. आजपासून लाल चिठ्ठी बंद. परत आलेलं काम आधी माझ्याकडे येईल, आणि ज्याचं असेल त्याच्याशेजारी बसून आपण दोघं बघू." दाराची वहीही तिनं काढून टाकली. भट्टीवरचा कामगार मागून म्हणाला, "मॅडम, माझ्या डोक्यावरचा पंखा पण बघा की! दोन वर्षं झाली सांगायचं म्हणतोय." सगळे हसले. मॅडमही हसली, पण दोन वर्षं हे शब्द तिला लागले.

राजीनाम्याचा विषय दोघींपैकी कोणीच काढला नाही. पुढच्या आठवड्यात मोतीताई नवा चष्मा लावून आल्या. त्यांनी त्या दिवशी एका शिक्षिकेचा समोरचा दात केला, आणि डॉक्टरांचा फोन आला की कॅप कुठली हे त्यांना स्वतःलाच शोधावं लागलं.

त्याच आठवड्यात शुक्रवारी दुपारी मोतीताई दार न वाजवताच केबिनमध्ये शिरल्या.

"मॅडम, खिडकीतून धूळ येते. ओल्या पोर्सेलीनवर बसते. बारीक जाळी हवी. माझी खुर्ची कुरकुरते, कुंचला हलतो. आणि डॉक्टरांना सांगा, साच्याबरोबर पेशंटचा उजेडात काढलेला फोटो पाठवत जा. नुसता नंबर लिहून पाठवतात, मी काय ज्योतिषी आहे?"

मॅडम भराभर लिहून घेत होती. "आणखी?"

"सध्या एवढंच," मोतीताई चष्मा नाकावर सारत म्हणाल्या. "आठवेल तसं सांगेन."

त्या गेल्या. मॅडमनं पेन खाली ठेवलं आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर श्वास घेतला. मग जाळीवाल्याला फोन लावला.