घराचं तोंड

आमचं घर पाहायला लोक थेट नागभीडवरून यायचे. माझ्या आजेसासऱ्यांनी कलकत्त्याला एका साहेबाची कोठी पाहिली आणि त्यांच्या अंगात वारं शिरलं. परत आल्यावर त्यांनी सिरोंच्याकडचे तेलुगू गवंडी बोलावले आणि चांद्याच्या जंगलमुलखात हुबेहूब तशीच कोठी उभी केली. फुगीर खांब, चुन्याच्या वेली, समोर दोन्ही बाजूंनी वळत उतरणारा दगडी जिना आणि वर पंखवाली गुबगुबीत बाळं. नागडं बाळ काही गवंड्यांना बघवेना, म्हणून त्यांनी प्रत्येकाच्या कमरेला चुन्याचाच करदोडा घातला, असं म्हणत.

असं म्हणत, कारण मी ते कधी पाहिलं नव्हतं. या घराची सून समोरच्या जिन्यानं एकदाच चढते, तीही पदर नाकापर्यंत ओढून. उतरते तीही एकदाच, चौघांच्या खांद्यावर. मधली सगळी वर्षं मागचं दार, मागचं अंगण आणि पडदा लावलेली बैलांची दमणी. बाई जिवंत उतरली तर घर कोसळतं, असा शाप होता म्हणे. कोणी दिला, ते कोणालाच ठाऊक नाही. असले शाप बायांच्याच वाट्याला बरे येतात!

म्हणजे बाजारात मासे विकणाऱ्या कुंताला माझ्या घराचं तोंड माहीत होतं आणि मला नव्हतं. याचा मला फार राग यायचा.

एक्कावन्न साली जमीनदारी गेली. एवढी कोठी पोसणं होईना, तेव्हा मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ती मुलींच्या शाळेसाठी सरकारला देऊन टाकली. आम्ही चांद्याला लहान घरात जाणार होतो. निघायच्या सकाळी खुशाल गाडीवानानं दमणी नेहमीसारखी मागच्या दाराशी लावली. आता तर मेल्यावरही तो जिना मिळणार नव्हता.

मी तडक दिवाणखान्यात गेले आणि समोरच्या दाराची कडी काढली.

"सूनबाई, कुठी चालल्या?" मामाजी ओरडले.

"खाली. समोरून."

"डोकं फिरलं काय? घर पडन ना!"

"पडू द्या, मामाजी. आता सरकारचं हाये."

मामाजींनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई गोकुळाबाई म्हणजे त्या रिवाजाची पहारेकरीण. मागं एकदा मी नुसती समोरची खिडकी किलकिली केली, तर त्यांनी कितीतरी दिवस अबोला धरला होता. त्या तरातरा आल्या आणि त्यांनी माझं मनगट धरलं. संपलं, असं मला वाटलं.

"थांब," त्या म्हणाल्या. "मोठी मी आहो. पयले मी उतरीन."

मामाजी बाजूला सरले.

सासूबाईंचे गुडघे दुखरे. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत त्या उतरल्या, मी त्यांच्या मागं. रस्त्यावरची माणसं थबकली. खाली पोचल्यावर त्यांनी पदर मागं सारला आणि वळून वर पाहिलं. मीही पाहिलं. खांब, वेली, सगळं उन्हात झळाळत होतं, आणि खरंच हो, एकूण एक बाळाच्या कमरेला करदोडा! माझ्या छातीत आनंद मावेना.

सासूबाईंचे डोळे भरून आले होते.

"एवढं देखणं घर," त्या म्हणाल्या, "अन मले जनमभर सैपाकघराची भिंत दाखवून राह्यले!"

मामाजी वर कठड्याशी एकटेच उभे होते. त्यांचा आवाज नरमला होता. "चला आता. खुशालनं दमणी मागं लावून ठेवली हाये."

"मंग त्याले पुढं आणाले सांगा," सासूबाई म्हणाल्या. "अन पडदा काढून आण म्हणा."

खुशालनं बैल वळवले.