भावजींनी आणलेली फांदी

आमच्या नणंदेच्या यजमानांना झाडांतलं सगळं कळतं. म्हणजे असं ते स्वतःच सांगतात. झाडांना विचारलं तर वेगळं उत्तर मिळेल. त्यांची रोपवाटिका आहे आणि मी सरकारी प्रयोगशाळेत किडी ओळखते. चोवीस वर्षांत त्यांनी मला 'किडेवाल्या वहिनी'खेरीज दुसरी हाक मारलेली नाही.

एका सकाळी ते पिशवीतून नासपतीची फांदी घेऊन प्रयोगशाळेत आले. सालीवर राखाडी खपल्या दाटीने बसलेल्या.

"खवले कीड. बंदीची," ते म्हणाले. "मोबाईलने फोटोवरून सांगितलंय. शेजारच्याच्या रोपवाटिकेतली आहे. तुम्ही फक्त शिक्का मारा, की लागलं सील त्याच्या फाटकाला."

"आधी बघावी लागते, भावजी."

"एवढ्याशा किड्यात बघायचं काय?"

शेजारच्याकडे गिऱ्हाईक दुप्पट, हे दुःख आमच्या अख्ख्या घराला पाठ होतं. मी अर्ज पुढे केला. 'नमुना कुठला' या रकान्यात त्यांनी शेजाऱ्याचं नाव ठळक लिहिलं आणि खाली झोकदार सही ठोकली.

खपली म्हणजे कीड नव्हे. ते तिने मेणाचं आणि टाकलेल्या कातीचं रचलेलं छप्पर. सुईने उचललं की खाली पिवळी मादी, टाचणीच्या डोक्याएवढी. ना पाय, ना पंख. सोंड सालीत खुपसून एका जागी बसायचं आणि जन्मभर रस ओढत राहायचं. मला नणंदेच्या घरचा सोफा आठवला.

माद्या कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात गरम केल्या, आतला ऐवज हलकेच दाबून काढला, उरलेली पारदर्शक कातडी रंगवून काचपट्टीवर बसवली. खरी ओळख शेपटाच्या टोकाला. आमच्याकडच्या साध्या जातीत जननछिद्राभोवती बारीक रंध्रांचे झुबके असतात. बंदीच्या जातीत एकही नसतो. खरं सांगते, मला झुबके हवे होते. भावजी आणि त्यांचा मोबाईल, दोघेही एकदमच तोंडावर आपटले असते. तीन माद्या पाहिल्या, मग आणखी सात. एकीतही रंध्रं नाहीत.

मोबाईल बरोबर होता. तो घास गिळायला मला अख्खी दुपार लागली. मग अहवालावर सही केली.

तिसऱ्या दिवशी मी खात्याच्या निरीक्षक बाईंबरोबर फांदी घेऊन शेजाऱ्याकडे गेले. निवडुंग आणि नेचे, ओळीने कुंड्या. नासपती औषधालाही नाही.

"सहा वर्षं झाली, फळझाडं ठेवतच नाही मी," तो म्हणाला. "फळझाडं पलीकडे, तुमच्या..." नातं ठाऊक असल्याने तो बिचारा गप्प झाला.

"मग पलीकडेच जाऊ," निरीक्षक बाई म्हणाल्या.

फाटकात आम्हाला बघून भावजींचा चेहरा उतरला. नासपतीच्या ओळीत तिसऱ्याच रोपावर ताजा काप होता. बाईंनी फांदी लावून बघितली, चपखल बसली. या माणसाला लबाडीसुद्धा धड करता येत नव्हती. फोटो स्वतःच्या रोपाचा, फांदी स्वतःच्या रोपाची, आणि नाव तेवढं शेजाऱ्याचं.

"मी गुपचूप फवारणार होतो," ते माझ्या कानाशी कुजबुजले. "वहिनी, घरचं माणूस म्हणून काहीतरी..."

"अर्जावर सही तुमची आहे, भावजी."

दोनशे दहा रोपं उपटून तिथेच जाळायचा हुकूम निघाला. शेजाऱ्याच्या फाटकाला कोणी हात लावला नाही. सील लागलं ते भावजींच्या.

जाळायच्या दिवशी मला हजर राहावंच लागलं. नणंद मजुरांबरोबर मोळ्या ओढत होती. ती रोपं रोज तीच पाणी घालून वाढवायची. हात कोपरापर्यंत काळे झालेले. माझ्याकडे तिने बघितलंही नाही. आणि भावजी? ते सावलीत खुर्ची टाकून, मोळी वाऱ्याच्या कुठल्या बाजूने टाकावी ते सगळ्यांना शिकवत होते.

मी पदर खोचला आणि नणंदेच्या मोळीचं दुसरं टोक धरलं. तिने सोडवून घेतलं नाही.