काटा बेचाळीसवर

मी एक जुने, चार पायांचे, जरा कुरकुरणारे यंत्र आहे. टेनिसच्या रॅकेटमध्ये तार ओढून बसवणे हे माझे काम. मित्रांनो, मैदानावर टाळ्या पडतात तेव्हा माझी आठवण कुणालाच होत नाही. त्याचे मला काही नाही.

मला टेनिस शिकवणाऱ्या बाईंनी आणले. पाण्याच्या टाकीमागची पडीक जागा त्यांनी स्वतः झाडून, रेघा मारून खेळण्याजोगी केली होती. मग घरोघर फिरून माळ्यावरच्या तुटक्या रॅकेटी मागून आणल्या. शिंप्याची मुलगी, पोस्टमन, दातांचे डॉक्टर, सगळ्यांच्या रॅकेटी माझ्यावर चढल्या. चाळीस वर्षे बाईंनी साऱ्यांना फुकट शिकवले आणि स्वतःची तार कायम माझा ताणाचा काटा पंचावन्न पौंडांवर ठेवून ओढली. "सैल तार आळशी माणसाला," असे त्या तोंडावर सांगत.

पुढे त्यांचे मनगट दुखू लागले. माझी मूठ सुनेच्या हाती आली. चेंडू जाळ्यापलीकडे जाईना, तशी बाईंनी रॅकेट ठेवून दिली.

"झालं माझं. या रविवारी शेवटचा वर्ग."

"बरं आई. पण तार जुनी झालीये, तेवढी बदलून देते."

सुनेने गुपचूप काटा बेचाळीसवर आणला. तार सैल असली की चेंडू आपसूक लांब जातो, हाताला झटकाही कमी बसतो. रविवारी बाईंचा चेंडू थेट मागच्या रेघेवर पडला.

"बघितलंस? मनगटाची मालिश लागू पडली!"

सुनेने मान डोलावली. वर्ग चालू राहिला.

वर्षभर हे बिनबोभाट चालले. मग एकदा सून घाईत काटा बेचाळीसवर तसाच सोडून गेली. बाई धूळ पुसायला आल्या, चष्मा लावून काट्यावर वाकल्या आणि मटकन स्टुलावर बसल्या. त्यांच्या मनाला फार लागले होते. आता वर्ग बंद, असेच मला वाटले.

संध्याकाळी त्यांनी आपली तार तुटलेली रॅकेट सुनेपुढे धरली.

"एवढी ओढून दे गं."

"पंचावन्न ना, आई?"

"नको. तू ओढतेस तेवढीच."

सून गोरीमोरी झाली. "तुम्हाला कधी कळलं?"

"आवर लवकर. पोरं खोळंबलीत."

मित्रांनो, माझ्यासारख्यांना अधूनमधून तेल द्या आणि काम संपले की काटा शून्यावर आणा. स्प्रिंग ताणून ठेवली की थकते. बाईंनीच हे सगळ्यांना शिकवले. सून ते एकदाच विसरली, आणि विसरली याचे मला आजही बरे वाटते.