पूर्ण सहमत

फोन आला तेव्हा मी बटाटे सोलत होते, आणि खरं सांगायचं तर मला आनंदच झाला. सकाळी साडेनऊला आमच्याकडे फोन येतो तो दाताच्या डॉक्टरकडून, नाहीतर स्वस्तात वीज विकायला निघालेल्या एखाद्या माणसाकडून. ही मुलगी मात्र कोपनहेगनहून बोलत होती. आवाज गोड होता. म्हणाली, देशभरातून हजार माणसं निवडली आहेत, त्यात तुमचा नंबर लागलाय. राजकारण आणि बाहेरून आलेल्या लोकांबद्दल तुमचं मत हवंय, दहा मिनिटं द्याल का? बहात्तर वर्षांच्या आयुष्यात माझं मत कुणी असं अदबीनं मागितलं नव्हतं. माझ्या नवऱ्यानं, थोर्किल्डनं, तर घरातले पडदेसुद्धा मला न विचारता आणले होते. मी सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि खुर्ची ओढून ऐसपैस बसले.

शेजारच्या खोलीत सौसन थोर्किल्डची दाढी करत होती. दोन वर्षांपूर्वी त्याला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. एक ‘नाही’ तेवढं उरलं. भूक लागली का? नाही. पोट भरलं का? नाही. सुरुवातीला नगरपालिकेनं पाठवलेल्या चार मदतनिसांना त्यानं डाव्या हातानं ढकलून दिलं. पाचवी सौसन. दमास्कसच्या बाजूची, चाळिशीतली, नऊ वर्षांपूर्वी दोन मुलींना घेऊन आलेली. तिनं काय केलं कोण जाणे, पहिल्याच दिवशी थोर्किल्डनं मान वर केली आणि डोळे मिटून बसला. तेव्हापासून रोज सकाळी तीच. आमच्या दक्षिण जटलंडचा हेल काढून ती डॅनिश बोलायची, पण ‘तुम्ही’ म्हणणं तिनं कधी सोडलं नाही. इथे सगळे एकमेकांना अरेतुरे करतात, हे तिला शंभरदा सांगून झालं होतं.

फोनवरची मुलगी एकेक वाक्य वाचायची आणि मी उत्तर द्यायचं. पूर्ण सहमत, थोडं सहमत, थोडं असहमत, पूर्ण असहमत. राजकारण्यांवर विश्वास आहे? पूर्ण असहमत. खेड्यांकडे दुर्लक्ष होतंय? पूर्ण सहमत. मला मजा येऊ लागली होती. मग तिनं वाचलं, “आसऱ्याला आलेल्या लोकांना त्यांचा देश शांत झाल्यावर परत पाठवावं, इथे नोकरी असली आणि भाषा येत असली तरी.”

मी विचार केला का? नाही केला. टीव्हीवर वर्षानुवर्षं ऐकलेलं जिभेवर तयारच होतं.

“पूर्ण सहमत,” मी म्हणाले.

“नोकरी असली तरीही?” मुलीनं खात्री करून घेतली.

“तरीही. आसरा म्हणजे आसरा. कायमचं राहायला कुणी बोलावलं नव्हतं.” मला कमी ऐकू येतं, त्यामुळे फोनवर मी जरा ओरडूनच बोलते.

फोन ठेवला तर सौसन फेसाचं भांडं घेऊन दारात उभी. नळाखाली भांडं धुता धुता म्हणाली, “आज हनुवटीखाली जरासं कापलं. माझा हात हलला.” मी जाऊन पाहिलं. रक्ताचा एक ठिपका होता, त्यावर तिनं कापूस लावला होता. दोन वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं. मी स्वतःला समजावलं की दार लोटलेलं होतं, तिला काही ऐकू गेलं नसणार. शिवाय मी तिच्याबद्दल थोडंच बोलत होते?

तीन आठवड्यांनी त्या पाहणीचा निकाल जाहीर झाला. नेमका त्याच रविवारी गावच्या सभागृहात कॉफीचा बेत होता. हा बेत तीस वर्षं माझ्या ताब्यात आहे. सात प्रकारचे मऊ केक, सात प्रकारची कडक बिस्किटं, मधोमध काळ्या पावाचा केक, आणि कुणी बाजारातून आणलेलं काही टेबलावर ठेवलं तर माझी एक नजर पुरते. सौसन दरवर्षी मदतीला यायची. त्या दिवशी कुणाचं लक्ष केकवर नव्हतं. सकाळपासून सगळ्या वाहिन्यांवर एकच आकडा फिरत होता, शंभरातले एकसष्ट लोक परत पाठवा म्हणतात.

“मला लाज वाटते या देशाची,” बेन्टे म्हणाली. ती शाळेत शिकवायची. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी गावाला अजून वर्गच समजते.

“लाज कसली? बरोबर बोललेत लोक,” हान्स-ओवे तोंडातला घास सांभाळत म्हणाला. त्याच्याकडे दोन हजार डुकरं आहेत आणि प्रत्येक गोष्टीवर मत आहे.

“कुठले लोक? तुला विचारलं का कुणी?”

“मला कोण विचारतंय? घरात बायको विचारत नाही.”

“तेच म्हणते मी. इथे बसलेल्यांपैकी कुणाला फोन आला होता? हात वर करा बघू.”

एकही हात वर गेला नाही. माझ्या हातात केक कापायची सुरी होती, ती मी घट्ट धरून ठेवली.

“बघितलंस?” बेन्टे म्हणाली. “ही हजार माणसं शोधून आणतात तरी कुठून? आपल्यातला तर कुणी नाही.”

“तुला माहीत नाही म्हणून,” हान्स-ओवे म्हणाला. “माणूस तुझ्यासमोर एक बोलतो आणि फोनवर दुसरं. तू फार रागावतेस.”

लोक हसले. मीही हसले, सगळ्यांत मोठ्यानं. तेवढ्यात सौसन कॉफीची किटली घेऊन आली आणि सगळे आपापल्या बशीकडे बघू लागले. पहिलं वाक्य हान्स-ओवेच बोलला. “तुझ्याबद्दल नाही हं सौसन. तुझी गोष्ट वेगळी.”

“छे, तुझा काय संबंध,” दुसरं कुणीतरी म्हणालं.

“ते शहरातल्या त्या टोळ्यांबद्दल आहे.”

“तुझ्याबद्दल कोण बोलेल गं?” हे मी म्हणाले. माझ्याच तोंडानं.

तिनं सगळ्यांचे कप भरले. माझाही भरला. “दूध कुणाला हवंय?” एवढंच तिनं विचारलं आणि ती आत गेली.

ती गेल्यावर बेन्टेनं सांगितलं. गुरुवारी सौसनला परदेशी लोकांच्या खात्याकडून पत्र आलं होतं. तिच्या भागात आता शांतता आहे असं खात्याचं म्हणणं, त्यामुळे तिचा राहण्याचा परवाना पुन्हा तपासला जाणार होता. धाकटी मुलगी आठवीत, थोरली नर्सिंगला. सगळ्यांनाच परत जावं लागू शकत होतं. मी फोनवर ज्याला पूर्ण सहमती दिली होती ते पत्र होऊन तिच्या घरी पोचलं होतं. माझ्या एका उत्तरानं खातं चालत नाही हे मला कळत होतं, पण त्यानं मला काही बरं वाटलं नाही.

“सह्या गोळा करायच्या,” बेन्टे माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली. “पहिली सही इंगेलीसेची. तिची असली की कुणी मागे हटणार नाही.”

मी सही केली. मान वर केली नाही, सगळ्यांना वाटलं भरून आलंय. दुसरी सही हान्स-ओवेनं केली. बेन्टेनं त्याच्याकडे रोखून पाहिलं तसा तो म्हणाला, “काय बघतेस? मी गर्दीच्या विरोधात आहे, सौसनच्या नाही. माझ्या आईला शेवटी तीच भरवायची.” दोन आठवड्यांत दोनशे चौदा सह्या झाल्या. आमचं गाव तीनशेचं. जिल्ह्याच्या वर्तमानपत्राची बातमीदार आली, तिनं माझा आणि सौसनचा फोटो घेतला आणि मी तिला छापायला वाक्य दिलं, “सौसन आमच्यातलीच आहे.”

ते वसंताचे महिने मी कसे काढले मला माहीत. रोज सकाळी ती यायची, बूट काढायची, थोर्किल्डला पुसायची, त्याची दाढी करायची. रोज मी ठरवायचे की आज सांगून टाकू. सौसन, त्या हजारात मी होते. मग मला वाटायचं, तिच्या डोक्यावर आधीच इतकं ओझं आहे, त्यात माझं कशाला? हे मी तिच्यासाठी करतेय असं मी स्वतःला पटवलं होतं. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. तिला सोडून थोर्किल्ड कुणाला जवळ येऊ देत नव्हता, आणि गावात माझं नाव होतं. मी तिच्यासाठी केक पाठवायचे, तिच्या मुलींना माझे जुने विणलेले स्वेटर द्यायचे. ती प्रत्येक वेळी आभार मानायची. बोलणं मात्र कमी झालं होतं. पूर्वी ती थोर्किल्डला दाढी करता करता आपल्या गावातल्या जर्दाळूंच्या गोष्टी सांगायची आणि तो मध्येमध्ये ‘नाही’ म्हणायचा, त्यावर दोघं हसायची. आता आतून फक्त पाण्याचा आवाज यायचा. मी म्हणायचे, परवान्याची काळजी लागलीय तिला.

जूनमध्ये निकाल लागला. परवाना वाढवून मिळाला, दोन वर्षांचा. गावात घरोघरी झेंडे चढले, आमच्याकडे वाढदिवसाला चढवतात तसे. सभागृहात पुन्हा टेबल मांडलं. हान्स-ओवेनं भाषण केलं आणि मध्येच त्याला रडू आलं. सौसननं प्रत्येकाचा हात हातात घेऊन आभार मानले. माझ्याजवळ आली तेव्हा मी तिला मिठी मारली. तिनं मारू दिली.

सोमवारी सकाळी दार उघडलं तर बाहेर एक पंचविशीचा, दाढीवाला गडी उभा. म्हणाला, सौसननं फेरी बदलून घेतलीय, आता इथे मी येणार. थोर्किल्डनं त्याच्या हातातलं भांडं उडवलं. मंगळवारीही तेच, बुधवारीही तेच. गुरुवारी मी सायकल काढली आणि जुन्या डेअरीमागच्या घरांत गेले. सौसन तिथे राहायची. तिच्या दारात मी याआधी कधीच गेले नव्हते, हे तिथे पोचल्यावर लक्षात आलं.

तिनं मला आत घेतलं, बसवलं, वेलदोड्याची कॉफी केली.

“तुझी फेरी बदलली म्हणे,” मी म्हणाले.

“मी मागून घेतली.”

“थोर्किल्ड कुणाला हात लावू देत नाही. सारखा दाराकडे बघत असतो.”

तिचे डोळे भरले. “त्यांना सांगा, मी आठवण काढते.”

“सौसन, तो फोन…”

“ऐकला होता मी. तुम्ही मोठ्यानं बोलता.”

“अगं, पण ते तुझ्याबद्दल नव्हतं.” वाक्य तोंडातून सुटलं आणि माझं मलाच ऐकवेना.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. “सगळ्यांनी तेच सांगितलं मला,” ती म्हणाली. “पण परत जायचं पत्र माझ्याच नावानं येतं. त्या फोनवरच्या मुलीला तुम्ही ओळखत नव्हतात, इंगेलीसे. तिला बरं वाटावं म्हणून खोटं बोलायची तुम्हाला गरज नव्हती. माझ्याशी बोलताना होती.”

“मी सही मनापासून केली. देवाशप्पथ.”

“केली असेल. मला दोन्ही खरं वाटतं. तिथेच तर अडतं. रोज सकाळी त्यांच्या गळ्यावर पातं धरायचं आणि स्वयंपाकघरात तुमचा आवाज. तीन महिने मी श्वास धरून दाढी केली. परवाना हातात येईपर्यंत फेरी बदलून मागायची हिंमत नव्हती. तुमच्या घरी यायचं सोडलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, का?”

क्षमा मागायला हवी होती. त्याऐवजी मी जे विचारलं ते लिहायलाही लाज वाटते. मी विचारलं, “बेन्टेला सांगितलंस?”

“कुणालाच नाही.”

माझ्या छातीवरचा दगड उतरला, आणि तो उतरलेला तिनं पाहिला. “तुझे उपकार झाले,” मी म्हणाले. “तुझं मन मोठं आहे.”

“मनाचं काय त्यात?” ती माझा कप उचलत म्हणाली. “दोनच वर्षं मिळालीत. पुन्हा पत्र येईल, पुन्हा सह्या लागतील. पहिली तुमची असली की बाकीचे करतात.”

मी करेन म्हणाले. तिनं मान हलवली आणि माझा कोट आणून दिला.