मोटारवाल्याला कुणी बोलायचं नाही

मोटारवाल्याचे पाय लहानपणी एका तापात गेले, पण त्या तापाने त्याच्या जिभेला हात लावला नाही. चाकं लावलेल्या फळीवर बसून तो गावातल्या जळालेल्या विजेच्या मोटारींना नवी तार भरून द्यायचा आणि गिऱ्हाइकाला येता-जाता सोलून काढायचा. गिऱ्हाईकही काही कमी नव्हतं. सगळ्यांत वरचढ गिरणीवाला. दोघं शाळेत एका बाकावर बसलेले.

"पांगळ्या, आज मोटार दिली नाहीस तर फळीसकट ओढ्यात लोटीन तुला!" तो रस्त्यातूनच ओरडायचा.

"लोट की. मग दळण पायाने दळ. तुझे तरी चालतात!"

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. मोटारवाल्याची थेट मस्तकातच पेटायची. पण असं भांडण झालं की त्या दिवशी त्याला दोन घास जास्त जायचे. कुणी आपल्यावर मनापासून चिडतं म्हणजे आपण अजून जमेत आहोत, असं त्याचं साधं गणित होतं.

मग बाईंचा सेवागट आला. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. या दोघांना पाढे त्यांनीच शिकवलेले. दर रविवारी शहरातून चार भली माणसं घेऊन यायच्या. कुणाला कुबड्या, कुणाला चष्मा. माणसं खरंच भली होती, त्यात खोट काढायला जागा नाही, आणि तिथेच सगळी गोची. त्यांनी घाम गाळून दुकानाच्या पायरीवर सिमेंटचा उतार बांधला. मोटारवाला हरखला. बोलण्याच्या ओघात बाईंना म्हणाला, "रात्री हात असे ठणकतात बाई, की कधी कधी रडू येतं." आपल्या बाईंना सांगावं तसं सांगितलं त्याने.

बाईंनी ते उताराच्या कार्यक्रमात माइकवरून सांगितलं. स्वतः डोळे पुसले, गावाला पुसायला लावले, आणि वर वर्गात द्यावी तशी सूचना दिली, "आजपासून याला कुणी टाकून बोलायचं नाही. कामाची घाई करायची नाही." गावाने एका सुरात "हो बाई" म्हटलं.

आणि पाळलं, मेल्यांनी! ज्याच्या त्याच्या तोंडात साखर. सावकाश होऊ दे, आधी तब्येत सांभाळ. कुणी घासाघीस करेना. पुढे पुढे मोटारीच येईनाशा झाल्या. बिचाऱ्याच्या हातांना कशाला त्रास, म्हणून लोक त्या शहरात नेऊ लागले. दुकानावरून जाताना मोटारीवर फडकं टाकायचे, त्याला वाईट वाटू नये म्हणून.

बायकोला मात्र बरं वाटत होतं. "लोक मानाने बोलतात आता. तेही टोचतं का तुम्हाला?"

"मानाने नाही गं. खाटेवरच्या आजाऱ्याशी बोलतात, तसं बोलतात."

एकटा गिरणीवाला तेवढा अजून मोटार आणायचा, पण तोही 'दादा' म्हणायला लागला होता. दादा! ज्याने जन्मात 'पांगळ्या'शिवाय हाक मारली नाही, तो! मोटारवाल्याच्या मनाने घेतलं, याचं तोंड उघडायलाच हवं. याने एक शिवी घातली की बाकीच्यांची भीड चेपेल आणि दुकान पुन्हा चालेल. त्याने गिरणीची मोटार भरली आणि आयुष्यात पहिल्यांदा जाणूनबुजून तारेची एक कॉइल उलटी जोडली. चालवूनही पाहिली नाही. हे पाप आहे, हे त्याला कळत होतं.

मोटार घुंघुं करत तापली आणि जळाली. अख्ख्या गावाचं दळण अडलं. मोटारवाला केस विंचरून दारात येऊन बसला. स्वतःच्या लग्नातही त्याने इतकी वाट पाहिली नव्हती.

गिरणीवाला आला. मागे दळणाचे डबे घेतलेल्या बायका.

"मोटार जळाली," तो म्हणाला.

"मग? बोल ना."

"होतं असं. जुनीच झाली होती ती."

"जुनी नव्हती. मी कॉइल उलटी जोडली. मुद्दाम."

गिरणीवाल्याचा चेहरा लालभडक झाला, मानेची शीर फुगली. मोटारवाल्याचा जीव कानात गोळा झाला. आता येणार.

"घाल शिवी," तो म्हणाला. "अरे, गावाचं दळण अडवलंय मी. घाल की रे एक, पाया पडतो तुझ्या!"

गिरणीवाला खाली बसला आणि त्याने मोटारवाल्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "दमलास रे दादा. पुरे झालं आता हे काम." मग मागे वळून दबक्या आवाजात, पण ऐकू जाईल असं म्हणाला, "डोक्यावर परिणाम झालाय. बाईंना कळवतो मी. याला कुणी काही बोलू नका."

कुणीच बोललं नाही. एका बाईने जाता जाता डब्यातून ओंजळभर धान्य काढलं आणि त्याच्या फळीच्या कडेला ठेवलं. मग तिच्या मागचीनेही ठेवलं.